‘बसतंय की’ या दोन शब्दांवर गाडी चालत नाही

आज पिकाचं काही नाही. आज चाकाचं बोलायचंय, आणि जरा कडक बोलायचंय.

औंधातून वडूजकडं जा, पुसेसावळीकडं जा, नाहीतर रहिमतपूरकडं. वाटेत दिसणाऱ्या पिकअपांची चाकं जरा निरखून बघा. कंपनीची काळी डिस्क काढून रुंद, चकचकीत मॅगव्हील लावलेल्या गाड्या आता जागोजागी दिसतात. टायर मडगार्डच्या बाहेर चार-चार बोटं आलेला. गाडी चिखलातून गेली की चिखल थेट दाराच्या काचेवर. मालकाला विचारा, हे चाक या गाडीचं आहे का? उत्तर ठरलेलं: ‘बसतंय की!’

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे. हौसेशी नाही. आपल्या माणसाला गाडीची हौस असावी. यात्रेला बैलाची शिंगं रंगवणारी माणसं आपण, गाडी का नाही सजवणार? पण शिंगाला रंग दिला म्हणून बैलाचा खूर बदलत नाही. चाक हा खूर आहे. त्याच्यावर आल्याची पोती असतात, टोमॅटोचे क्रेट असतात, आणि खरं बोलायचं तर काढणीच्या दिवसांत हौद्यात दहा-बारा बायकाही असतात. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यानं चूक आहे. तरी ती बसतात, हे आपल्या सगळ्यांना रोज दिसतं. म्हणून चाकाचा प्रश्न एकट्या मालकाच्या हौसेचा राहत नाही.

‘बसतंय’ म्हणजे काय, तर नट आत गेले. एवढंच. गंमत अशी की बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर बघतो, फवारणीला कुठल्या औषधाला कुठला नोझल ते विचारतो, ठिबकच्या ड्रीपरचा ताशी डिस्चार्ज तोंडपाठ असतो. आणि लाख-दीड लाखाचा माल ज्या चार चाकांवर मार्केटला जातो, तिथं आपलं शास्त्र ‘भोकं जुळली’ इथं संपतं. चाक बसलं की नाही हे ठरवायला पाच मापं लागतात. पाचही साधी आहेत. टेप आणि दोन डोळे पुरतात.

पहिलं माप भोकांच्या वर्तुळाचं, म्हणजे पीसीडी. नटांच्या मधल्या बिंदूंवरून एक गोल काढला तर त्याचा व्यास. सहा नटांच्या चाकाला समोरासमोरच्या दोन नटांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरा, झालं. पाच नटांना समोरासमोर नट येत नाही. तिथं शेजारच्या दोन नटांमधलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. ८२ मिलिमीटर आलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. ६७ आलं तर ११४.३, म्हणजे साडेचार इंच. हा एवढा फरक कुणालाही दिसतो, तो चाक बसूच देत नाही. धोका जवळच्या मापांत आहे. ११४.३ च्या हबवर ११२ चं चाक काही ठिकाणी ‘ओढून’ बसवतात. वर्तुळाच्या त्रिज्येत फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर. पान्ह्याला जोर दिला की नट जातो. पण तो स्टडला वाकवून जातो आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड थोडा थोडा वाकत-सुटत राहतो. तार वाकवून वाकवून तोडतो आपण, तसंच. याहून वाईट म्हणजे भोक कानशीनं लांबट करणं. असं चाक कुणी पुढं केलं तर तिथून चालते व्हा, भाव विचारायला थांबू नका.

दुसरं माप मधल्या मोठ्या भोकाचं. चाक हबच्या ओठावर टेकतं, तिथं ते नेमकं बसलं पाहिजे. याचं स्वच्छ उदाहरण देतो. टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स, दोन्ही पिकअप, दोघांना सहा नट, दोघांचा पीसीडी १३९.७. ‘बसतंय की’वाला लगेच म्हणेल, मग एकाचं चाक दुसऱ्याला चालतं. पण हायलक्सचं मधलं भोक सुमारे १०६ मिलिमीटरचं, डी-मॅक्सचं सुमारे १००. डी-मॅक्सचं चाक हायलक्सला बसणारच नाही. हायलक्सचं डी-मॅक्सला बसेल, पण भोवती तीन-तीन मिलिमीटर पोकळी ठेवून. मग चाक मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर येतं. त्यात थोडंही इकडंतिकडं झालं की साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि मालक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतो. बॅलन्सिंग बरोबर असतं, चाक मध्यावर नसतं. पोकळी भरायला नेमक्या मापाची रिंग मिळते. दुकानदार ती स्वतःहून देत नसेल तर मागा. रिंग कशाला लागते हेच त्याला माहीत नसेल, तर तो रंग विकतोय, चाक नाही.

तिसरं माप सगळ्यात जास्त दुर्लक्षित, आणि आपल्याकडचा निम्मा घोटाळा याच्यातच आहे. ते म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मधली रेघ धरा. हबला टेकणारा चाकाचा चेहरा त्या रेघेपासून किती आत किंवा बाहेर आहे, तो ऑफसेट. चाकाच्या आतल्या अंगाला ‘ईटी ३०’, ‘ईटी ०’ असं कोरलेलं असतं. आकडा जेवढा कमी, तेवढं चाक बाहेर.

हिशेब करू. गाडीची मूळ डिस्क समजा ६ इंच रुंद, ईटी ३०. हौसेनं लावली ८ इंच, ईटी ०. रुंदी वाढल्यानं एका बाजूला एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर वाढले. ऑफसेटनं ३० वाढले. चाकाची बाहेरची कड ५५ मिलिमीटर बाहेर आली, दोन्ही बाजू मिळून ११० मिलिमीटर. गाडी रुबाबात उभी दिसते, खरं आहे. पण पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंग अशा बसवलेल्या असतात की चाकावरचा भार दोघांत वाटला जावा. भाराची रेघ ३० मिलिमीटर बाहेर सरकवली की बाहेरच्या बेअरिंगचं मरण ओढवतं. पाटीत माती भरून ती छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. माती तेवढीच असते, खांदा वेगळं सांगतो. पुढं हेच चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला झटका जास्त बसतो, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते, बॉल जॉइंट आणि टायरॉड लवकर ढिले होतात. मग मालक म्हणतो, ‘या कंपनीचं सस्पेन्शनच नाजूक.’ कंपनीनं सस्पेन्शन तिच्या चाकासाठी केलं होतं दादा, तुझ्या चाकासाठी नाही.

स्पेसरची गोष्ट हीच. चाक बाहेर काढायला मध्ये चकती घालतात. जुन्याच स्टडवर चकती सरकवली की नटाला आटे कमी मिळतात. साधा ठोकताळा असा की स्टड जेवढ्या जाडीचा, निदान तेवढ्या खोलीपर्यंत नट चढला पाहिजे. १२ मिलिमीटर जाडीचा, दीड मिलिमीटर आट्याचा स्टड असेल तर किमान आठ पूर्ण फेरे. नट हातानं फिरवत मोजा. पाच फेऱ्यांत तो चाकाला टेकला तर ते चाक पाच फेऱ्यांवर लटकलंय.

नटाचं तोंडही बघा, कारण ते तीन तऱ्हेचं असतं: निमुळतं, गोलसर आणि सपाट वॉशरचं. चाकाच्या भोकाचं तोंड ज्या तऱ्हेचं, त्याच तऱ्हेचा नट पाहिजे. पत्र्याच्या डिस्कचे नट अलॉयला जशाच्या तसे लावायचे नाहीत. निमुळत्या खाचेत गोल तोंडाचा नट एका बारीक कडेवर टेकतो, पान्ह्याला घट्ट लागतो आणि पन्नास किलोमीटरवर ढिला होतो. नवं चाक लावलं की नट एका ओळीनं न आवळता आडवे-तिडवे, समोरासमोर आवळायचे. ५० ते १०० किलोमीटर चालवून गाडी थंड झाली की पुन्हा आवळायचे. हे काम किती जण करतात, हात वर करा.

चौथी गोष्ट भाराची. मुख्य भांडण इथं आहे. कारचं मॅगव्हील आणि मालगाडीचं चाक लांबून सारखं दिसतं. भार मात्र सारखा पेलत नाही. पुन्हा हिशेब. मालासकट गाडीचं वजन समजा ३,४०० किलो. माल मागं असतो, म्हणून मागच्या आसावर धरू २,२०० किलो. एका चाकाला आले १,१००. आता जुन्या बाजारातून आणलेल्या कारच्या अलॉयच्या मागं बघा. त्यावर भार कोरलेला असतो आणि तिथं ६९० असं काही दिसतं. म्हणजे गाडी उभी असतानाच चाकावर दीडपटीपेक्षा जास्त भार. मग खड्डा, मग स्पीड ब्रेकर, मग उसाच्या हंगामात उखडलेला रस्ता. पत्र्याची डिस्क मार खाल्ला की वाकते, दिसते, ठोकून निदान घरी येता येतं. ओतीव अलॉयला केसासारखी चीर जाते आणि एक दिवस तुकडाच पडतो.

जपानी मानकाच्या चाकांवर दोन वेगळ्या खुणा असतात: प्रवासी गाडीच्या चाकावर ‘जेडब्ल्यूएल’, ट्रक-बसच्या चाकावर ‘जेडब्ल्यूएल-टी’. शेवटचं एक अक्षर, पण त्या अक्षरात आपला सगळा माल मावतो. खूण नाही, भाराचा आकडा नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, असं चाक फुकट मिळालं तरी गोठ्याच्या दारापाशी ठेवा, गाडीला लावू नका.

टायरलाही हेच. टायरवर मापाच्या पुढं एक आकडा असतो, तो भाराचा संकेत. ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, ११२ म्हणजे १,१२०. वरच्या हिशेबातल्या गाडीला मागं ११२ च्या खालचं टायर चालणारच नाही. ‘टायर रुंद आहे, म्हणजे जास्त पेलतंय’ हे चूक. छोट्या हत्तीचं १४५ आर १२ चं बारकं टायर बघा, दिसायला कारच्या टायरएवढं, पण त्याच्यावर एलटी आणि ८ पीआर लिहिलेलं असतं. ते मालासाठीच बांधलेलं असतं. रुंदीवर जाऊ नका, लिहिलेलं वाचा.

पाचवं माप चाकाच्या एकूण उंचीचं. २१५/७५ आर १५ टायरची उंची साधारण ७०३ मिलिमीटर. त्याच्या जागी ३१ इंची टायर लावलं की ७८७. जवळजवळ १२ टक्के मोठं. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६७ नं पळत असेल. चाकाशी मिळणारी ओढ दहा टक्क्यांहून जास्त कमी होईल, म्हणजे चढाला पहिल्या गिअरमध्ये क्लच जळेल. आणि थांबवायला त्याच ब्रेकला जास्त जोर लावावा लागेल. कराडहून चिपळूणला भाजी घेऊन जाणाऱ्यांनी कुंभार्ली घाट उतरताना याचा विचार करावा. मोठ्या चाकाची शान सपाटीवर, हिशेब घाटात.

आता तुमचे मुद्दे घेतो, कारण ते मला पारावर रोज ऐकू येतात.

‘ट्रॅक्टरची चाकं आपण उलटी करून रुंदी वाढवतोच की, मग पिकअपला काय होतंय?’ मुद्दा हुशारीचा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. ट्रॅक्टरचा आस आणि डिस्क त्याच कामासाठी केलेली असते. दोन ओळींतल्या अंतराप्रमाणं चाकं आतबाहेर करता यावीत म्हणून कंपनीच पुस्तकात तक्ता देते, कुठल्या बाजूनं लावलं की किती रुंदी. आणि ट्रॅक्टर शेतात पाच-सात किलोमीटरनं चालतो. पिकअपच्या पुस्तकात असा तक्ता आहे का? असेल तर खुशाल लावा.

‘रुंद टायर काळ्या रानात रुतत नाही.’ इथं कृषीवाले मित्र वाचतायत, ते सांगतील. जमिनीवर टेकणारं क्षेत्र ढोबळमानानं भार भागिले हवेचा दाब. टायर रुंद केलं पण हवा तेवढीच ठेवली, तर टेकणारं क्षेत्र फारसं वाढत नाही, फक्त त्याचा आकार बदलतो. रुतायचं टाळायला हवा कमी करावी लागते, आणि भरल्या गाडीत हवा कमी केली की टायर तापून फाटतं. ओल्या काळ्या रानात भरली पिकअप घालायचीच नाही, बांधावर उभी करून माल डोक्यावरनं, नाहीतर ट्रॉलीतनं आणायचा. रान दडपलं की पुढच्या पिकाच्या मुळ्या भोगतात, हे तर माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त सांगता.

‘दोन वर्षं झाली लावून, काही झालं नाही.’ सोयाबीनवर तांबेरा दिसायच्या आधीही पान हिरवंच असतं. धातू मोजून थकतो. किती फेरे झाले, किती खड्डे झाले, ते तो विसरत नाही. हबवर हात ठेवून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते का. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा, खेळ येतोय का. नटांच्या भोकाभोवती गंजाचे ओघळ किंवा चकाकणारी घासलेली कड दिसते का. यातलं एक जरी असलं तरी ‘काही झालं नाही’ हे वाक्य मागं घ्या.

‘कायदा कोण बघतोय?’ मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातली माहिती विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. रस्त्यावर कुणी बघत नसेलही. अपघातानंतर विम्याचा माणूस मात्र टेप घेऊन येतो, आणि न कळवलेला बदल सापडला की क्लेमचं भांडण सुरू होतं. तेव्हा ‘बसतंय की’ म्हणणारा दुकानदार साक्षीला येत नाही.

त्या दुकानदारालाही थोडं. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात मी अर्धा तास उभा होतो. तेवढ्या वेळात तीन पिकअपवाले आले. त्यांना रंग विचारला, हप्ता पाहिजे का विचारलं. गाडीत माल काय आणि किती भरता, हे एकालाही विचारलं नाही. औषधाच्या दुकानात कुठलं पीक न विचारता कुणी बाटली पुढं केली तर आपण त्याला काय म्हणू?

आपल्या भागाला हे शोभत नाही, म्हणून राग येतो. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानच्या हद्दीत, आणि तिथून लोखंडी नांगर शेतात गेला. त्याच्याही आधीपासून आपल्याकडचा लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवत होता. धाव चाकापेक्षा किंचित आखूड करायची, लालबुंद तापवायची, चढवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे आणि तुंबा एकजीव. सैल झाली तर धाव वाटेत निघणार, फार आखूड झाली तर लाकूड फुटणार. शाळेची पायरी न चढलेला माणूस दोरीनं घेर मोजून ते माप धरत होता. त्याच्या तोंडून ‘बसतंय की’ निघालं नसतं. आपल्या हातात मोबाईल आहे, टेप आहे, चाकावर आकडे कोरलेले आहेत, आणि आपण वाचायला तयार नाही.

चाक बदलूच नका असं मी म्हणत नाही. डिस्क गंजली, वाकली, तर बदलावीच लागते. अलॉय पाहिजे असेल तर तेही घ्या, पण दुकानात जायच्या आधी हे करा. दाराच्या चौकटीवरची पाटी आणि गाडीचं पुस्तक बघून टायरचं माप, हवा आणि आसावरचा भार लिहून घ्या. जुनी डिस्क काढून मागच्या अंगाचे आकडे, म्हणजे रुंदी, ईटी, भोकं, भार, यांचा फोटो काढा. नव्या चाकाचा भार मूळ चाकापेक्षा कमी नको. पीसीडी आणि मधलं भोक तंतोतंत, ऑफसेट मूळच्या आसपास, एकूण उंची तेवढीच. नट नव्या चाकाच्या तोंडाचेच. चारी चाकं सारखी, आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची, नाहीतर रात्री घाटात पंक्चर झाल्यावर कळतं की स्टेपनीला नट वेगळे लागतात. बिलावर चाकाचं माप आणि भार लिहून घ्या. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला की समजा, माल त्याच्या स्वतःच्या भरवशाचा नाही.

आणि हौस उरलीच असेल तर मूळ डिस्कला चांगला रंग मारा. काळ्या डिस्कवर पांढरी रेघ काय शोभते!

या हंगामात कुणाच्याही गाडीत माल भरायच्या आधी, किंवा घरच्या बायामाणसांना हौद्यात चढवायच्या आधी, खाली वाकून एकदा चाकाकडं बघा. टायर मडगार्डच्या बाहेर दिसला तर ड्रायव्हरला विचारा: ईटी किती, भार किती? उत्तर ‘बसतंय की’ आलं, तर दुसरी गाडी बघा.